सुपारी घेण्याआधीचे प्रश्न

मंडळी, पोस्ट लांब आहे. एका दमात होणार नाही, चहा घेऊन बसा. विषय ॲपचा आहे, पण सुरुवात तमाशापासून करतो, कारण नारायणगावात दुसरीकडून सुरुवात करणं बरं दिसत नाही.

गुढीपाडवा जवळ आला की आपल्याकडे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले जीप भरून येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात आणि सुपारी ठरवून जातात. विठाबाईंच्या गावात हे सांगायची गरज नाही, तुम्ही लहानपणापासून बघताय. पण एक गोष्ट मी बातमीसाठी तासन् तास बसून पाहिली आहे. चांगला व्यवस्थापक पैशाचा आकडा पहिल्यांदा काढत नाही. समोर वही असते, चहा सांगितला जातो आणि चौकशी सुरू होते. यात्रा कुठल्या तिथीला? कुस्त्यांचा आखाडा आहे का, आणि तो किती वाजता उठतो? मैदान गावात की माळावर? लाईट जाते का? मागच्या साली कुणाचा फड होता आणि लोक मध्येच उठले का? बायका बसतात का? सकाळच्या हजऱ्या हव्यात का? वगनाट्य कुठलं चालतं, ऐतिहासिक की सामाजिक? हे सगळं झाल्यावर आकडा. एखाद्या कमिटीत नवखा पोरगा असतो, तो वैतागतो, "तुमचा रेट सांगा ना." जुनी माणसं त्याला गप्प बसवतात. त्यांना माहीत असतं की न विचारता आलेला फड रात्री दहा वाजता माळावर फसतो, आणि मग शिव्या कमिटीला बसतात.

आता ॲप.

मध्यंतरी एका बैठकीला गेलो होतो. कुठल्या कार्यालयाची ते लिहीत नाही. मुद्दा त्यांच्या एकट्याचा नाही आणि नाव लिहिलं की चर्चा नावावरच होते. टोमॅटो उत्पादकांसाठी ॲप तयार होतंय. घरबसल्या नोंदणी करायची, माल कधी आणणार ते सांगायचं, किती कॅरेट ते भरायचं, आणि हिशोबाची पट्टी मोबाईलवर मिळणार. भिंतीवर चित्रं दाखवली. हिरवा रंग, लाल टोमॅटो, मोठी बटणं, सगळं मराठीत. खरं सांगतो, दिसायला देखणं होतं. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या.

मग मागच्या रांगेतले एक तात्या उभे राहिले. म्हणाले, "साहेब, मी वाट्यानं करतो. उतारा मालकाचा, मालक असतो पुण्याला. बी-बियाणं, तार-बांबू, तोडा सगळं माझं. यात माझं नाव कुठं येतं?"

नोंदणीच्या पहिल्याच पानावर गट नंबर, सात-बारावरचं नाव आणि आधारला जोडलेला मोबाईल. तात्यांचं नाव कुठंच येत नव्हतं. ॲप दाखवणाऱ्या पोराने मालकाच्या नावाने नोंदणी करायचं सुचवलं. तात्या म्हणाले, "मग पट्टी मालकाच्या मोबाईलवर जाणार." सभागृहात हसू झालं, पण ज्यांना कळलं ते हसले नाहीत. वाटा हा विश्वासाचा व्यवहार असतो. पट्टी कुणाच्या हातात पडते, उचल कुणाची वळती होते, खताची उधारी आधी कापायची की नंतर, यावर पिढ्यांचे संबंध टिकतात किंवा मोडतात. एका रकान्याने तो तोल हलतो.

बैठकीनंतर मी त्या पोराला गाठलं. पुण्याचा, हुशार, नम्र. विचारलं, बाजारात किती वेळा आलास? म्हणाला, आज पहिल्यांदा. तेही बैठकीपुरता, म्हणजे बाजार चालू असताना नाहीच. मी जरा तिखट बोललो असेन. तेव्हा तो जे म्हणाला ते माझ्या डोक्यातून जात नाही. त्यांच्या धंद्यात, म्हणजे ज्याला यूएक्स डिझाईन म्हणतात त्यात, सगळ्यात पहिला टप्पाच हा असतो. त्याला डिस्कव्हरी म्हणतात. चित्रं काढायच्या आधी माणसांकडे जायचं, कामाच्या जागी बसायचं, विचारायचं, मग ठरवायचं की करायचंय काय. त्याला हे शिकवलेलंही होतं. पण निविदेत त्या कामाला ओळच नव्हती. वेळापत्रकाची पहिली ओळ होती, 'स्क्रीनला मंजुरी'.

ओळच नव्हती. आपण नेहमी म्हणतो पैसे नव्हते, वेळ नव्हता, माणसं नव्हती. इथं कागदावर जागाच नव्हती, त्यामुळे पैसे मागणार कशाचे?

मला आधी वाटलं, हे विचारण्याचं शास्त्र परदेशातून आलेलं नवं खूळ असेल. मग थोडं जुनं वाचायला बसलो, आणि लाज वाटली. कारण हे काम आपल्या पुण्यात सत्तर वर्षांपूर्वी झालंय, तेही शेतकऱ्यांसाठी.

पण त्याआधी, रकाना चुकला की काय होतं याची देशातली सगळ्यात मोठी गोष्ट सांगतो. पहिली लोकसभा निवडणूक, १९५१-५२. मतदार यादी करायला माणसं घरोघर गेली. यादीत रकाना होता नावाचा. साधी गोष्ट, नाही का? पण उत्तर भारतात अनेक ठिकाणी बायकांनी परक्या माणसाला आपलं नाव सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, असं सांगितलं. मोजणाऱ्यांनी तसंच लिहून घेतलं. सुकुमार सेन हे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. त्यांच्या आयोगाने ठरवलं की स्वतःचं नाव नसलेल्या नोंदी चालणार नाहीत. देशातल्या सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळपास २८ लाख नावं यादीबाहेर गेली. आयोग चुकला असं मी म्हणत नाही. नावाशिवाय मत म्हणजे घोटाळ्याला आमंत्रण होतं, आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत हे बरंच सुधारलं. पण बघा, रकाना आखणाऱ्याच्या डोक्यात 'नाव' म्हणजे काय हे पक्कं होतं आणि उंबऱ्यावर उभ्या असलेल्या बाईच्या डोक्यात ते वेगळं होतं. तात्यांच्या बाबतीत 'शेतकरी' या शब्दाचं तेच झालंय. कागदावर शेतकरी म्हणजे सात-बारावाला. बाजारात शेतकरी म्हणजे माल घेऊन आलेला.

आता पुण्याची गोष्ट.

पुण्याचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं १९५३ साली. त्यानंतर तीनच वर्षांनी तिथं एक प्रयोग झाला. मूळ कल्पना कॅनडाची. तिकडे १९४१ पासून शेतकऱ्यांचे गट रेडिओभोवती बसायचे, कार्यक्रम ऐकायचे, चर्चा करायचे आणि आपलं म्हणणं परत केंद्राला कळवायचे. युनेस्कोला हे आपल्यासारख्या देशात चालतं का ते पाहायचं होतं. भारत सरकारने होकार दिला आणि जागा ठरली पुणे केंद्राचा मराठी टापू. पाच जिल्हे, सुमारे दीडशे गावं. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६, दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम. असे एकूण वीस. प्रत्येक गावात एक श्रोता मंडळ, त्याचा एक निमंत्रक. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि बोलायचं. मंडळांनी पाठवलेल्या प्रश्नांना पुढच्या कार्यक्रमांतून उत्तरं द्यायची.

इथपर्यंत ही एक चांगली सरकारी योजना वाटते. माझं लक्ष वेधलं ते पुढच्या गोष्टीने. हे यशस्वी झालं की नाही, हे ठरवायचं काम आकाशवाणीने स्वतःकडे ठेवलं नाही. ते दिलं मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेला. आणि संस्थेची माणसं गावात गेली ती कार्यक्रम सुरू होण्याच्या आधी. लोकांना काय माहीत आहे, काय माहीत नाही, ते मुलाखती घेऊन लिहून ठेवलं. मग कार्यक्रम झाले, तेव्हा निरीक्षक बैठकांना जाऊन बसले. कार्यक्रम संपल्यावर पुन्हा त्याच गावांत जाऊन विचारलं. आणि नुसत्या मंडळाच्या गावांत नाही. तीन तऱ्हेची गावं निवडली होती. रेडिओ आणि मंडळ दोन्ही असलेली, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी, आणि रेडिओच नाही अशी.

याचा फायदा काय झाला ते बघा. मंडळाच्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तशी वाढ दिसली नाही. म्हणजे कमाल पेटीची नव्हती. पेटीभोवती बसून बोलण्याची होती. ही मधली, रेडिओ असलेली पण मंडळ नसलेली गावं जर पाहिलीच नसती, तर अहवाल काय निघाला असता? गावोगाव रेडिओ वाटा. खरेदी झाली असती, वाटप झालं असतं, फोटो छापून आले असते. आज आपण टॅब वाटतो ते याच चालीवर.

हे सगळं मोजमाप ज्याच्या हाताखाली झालं तो माणूस म्हणजे पॉल न्यूराथ. त्या काळात टाटा संस्थेत पाहुणा प्राध्यापक म्हणून आलेला. जन्माने व्हिएन्नाचा. नाझींच्या डाखाऊ आणि बुखेनवाल्ड या छळछावण्यांत राहून सुटलेला, अमेरिकेत जाऊन समाजशास्त्रज्ञ झालेला, आणि छावणीतल्या माणसांच्या जगण्यावरच त्याने प्रबंध लिहिलेला. त्याचे वडील ऑटो न्यूराथ. ज्यांना आकडे वाचता येत नाहीत त्यांना ते कळावेत म्हणून चित्रांची भाषा, आयसोटाईप, तयार करणाऱ्यांपैकी मुख्य माणूस. आज रेल्वे स्टेशनवर किंवा मोबाईलवर जी साधी काळी चित्रं दिसतात, त्यांच्या पूर्वजांत ती भाषा येते. वडिलांनी सामान्य माणसाला कळेल असं चित्र काढण्यात आयुष्य घातलं आणि मुलगा पुण्याच्या आसपासच्या गावांत विचारायला आला की तुम्हाला कळतंय का. मला हा योगायोग फार आवडला, म्हणून मुद्द्यात बसत नसताना लिहिला. आकाशवाणीचे तेव्हाचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर आणि न्यूराथ यांचा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये छापला. पुढे अशी मंडळं देशभर निघाली. आपल्यातल्या काहींच्या आजोबांनी असा रेडिओ ऐकला असेल. कुणाकडे आठवण असेल तर खाली जरूर लिहा.

त्याच काळातली आणखी एक गोष्ट, थोडक्यात. १९५८ साली भारत सरकारने चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याला बोलावलं होतं, इथल्या वस्तूंचं आणि डिझाईनच्या शिक्षणाचं काय करावं ते सांगा म्हणून. त्यांच्या अहवालातला सगळ्यात गाजलेला भाग कशावर आहे माहितीय? लोट्यावर. आपल्या तांब्या-कळशीचाच भाऊबंद. त्यांनी लोट्याचं नुसतं कौतुक केलं नाही. आज कुणाला कोऱ्या कागदावर लोटा करायचा झाला तर त्याला काय काय विचारावं लागेल, याची मोठी यादी दिली. पाणी किती आणायचं, किती ओतायचं? उचलणारे हात केवढे, आणि त्यात जोर किती? डोक्यावर नेणार, कमरेवर, की हातात? भरलेला असताना तोल कुठं, रिकामा असताना कुठं? घासायचा कसा? ऊन पडल्यावर दिसतो कसा? कुठल्याही एका माणसाने हे सगळं ठरवलेलं नाही, पिढ्यांनी ठरवलंय, असं त्यांचं म्हणणं. या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाईन संस्था निघाली, आणि १९६९ मध्ये पवईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाईनचं केंद्र. मतदान यंत्राच्या बाह्य रचनेचं काम याच पवईच्या केंद्रातल्या ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांचं. त्या यंत्रावर जुन्या मतपत्रिकेसारखीच नावांची आणि चिन्हांची उभी यादी आहे, समोर बटण. शिक्का मारण्याची जागा बोटाने घेतली, बाकी मतदाराच्या ओळखीचं ते तसंच राहिलं. आपल्या आज्या शाळेत न जाता ते दाबतात.

आता वारणा. ही गोष्ट प्रत्येक कार्यालयाच्या भिंतीवर लावावी अशी आहे.

पन्हाळा तालुक्यातलं वारणानगर. तात्यासाहेब कोरे यांनी उभं केलेलं सहकाराचं साम्राज्य. कारखाना, दूध, शाळा, बाजार. १९९८ मध्ये केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून तिथं एक प्रकल्प सुरू केला. कोल्हापूर-सांगलीतली सत्तरेक गावं संगणकाने जोडायची. १९९८! तेव्हा आपल्याकडे एसटीडी बूथच्या बाहेर रांगा होत्या. गावात केंद्र, केंद्रात संगणक, संगणकावर पिकाचा सल्ला, बाजारभाव, सरकारी योजना, जमिनीची कागदपत्रं, शिक्षण. देशभरातून माणसं बघायला येत होती. वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं, आमच्या व्यवसायाने त्यात कसूर केली नाही.

काही वर्षांनी बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाची माणसं तिथं गेली. राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो टोयामा. त्यांनी केंद्रांवर खरंच काय चालतं ते पाहिलं. ठरवलेल्या त्या लांबलचक यादीतलं जवळपास काहीच चालत नव्हतं. चालत होतं ते एकच. उसाचं काम. किती ऊस गेला, खत किती घ्यायचं राहिलं, तोडीची परवानगी, बिलाचा हिशोब. शेतकरी केंद्रावर यायचा, चालकाला विचारायचा, चालक संगणकात बघून सांगायचा किंवा छापून द्यायचा. आणि हे काम लोकांना हवं होतं, बरं का. त्याला नावं ठेवायला जागा नाही. फक्त प्रकल्पाच्या भाषणातला शेतकरी आणि केंद्राच्या दारातला शेतकरी यांची भेट कधी झालेली नव्हती.

मग त्या तिघांनी पुढचा प्रश्न विचारला. एवढ्याच कामासाठी गावोगाव संगणक हवाय कशाला? तोपर्यंत मोबाईल आले होते. कारखान्यातल्या संगणकाला एक मोबाईल जोडायचा आणि देवाणघेवाण साध्या एसएमएसने करायची. सात गावांत आठ महिने करून पाहिलं. संगणकावर जे होत होतं ते सगळं झालं, खर्च कमी आला, आणि शेतकऱ्यांना हे जास्त आवडलं. २००७ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. शीर्षकातच गंमत होती. आधीचा प्रकल्प 'वायर्ड', म्हणजे तारांनी जोडलेली गावं. यांनी नाव दिलं 'वारणा अनवायर्ड'.

मी यावर बराच विचार केला. १९९८ ची माणसं मूर्ख नव्हती. त्यात चांगले अधिकारी होते, सहकारातली मुरलेली माणसं होती, शेतकऱ्यांना काय हवंय ते आपल्याला माहीत आहे असं त्यांना मनापासून वाटत असणार. तिथंच घोळ होतो. मला स्वतःला विचाराल तर मीही छातीठोक सांगेन की नारायणगावच्या बाजाराचं मला सगळं माहीत आहे, वीस वर्षं बातम्या लिहितोय. तरी तात्या उठेपर्यंत वाट्याचा मुद्दा माझ्याही डोक्यात आला नव्हता. टाळ्या मी पण वाजवल्याच होत्या ना.

आपल्याच शेजारी खोडदला जागतिक दर्जाची रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जागा अशीच नकाशावर बोट ठेवून निवडली नव्हती. इथं माणसाने केलेला रेडिओ गोंगाट किती, डोंगरांचा आडोसा कसा, पृथ्वीवरचं स्थान योग्य आहे का, पुणे किती जवळ, हे सगळं पाहून निवडली. आकाशातून येणारा आवाज ऐकायचा तर आधी जागा शोधतो आपण. बाजारातला आवाज ऐकायचा तर हॉल बुक करतो.

तर आता कामाचं. त्या ॲपच्या मंडळींनी, आणि ज्यांनी काम दिलंय त्यांनी, अजूनही थोडं थांबायला हरकत नाही. स्क्रीन झालेत, कोड फारसा झालेला नाही असं मला कळलंय. पहिल्या टप्प्याची आखणी कशी असावी, हे मी माझ्या अडाणी समजुतीने लिहितो. जाणकारांनी दुरुस्त करावं.

आधी माणसं. बैठकीला बोलावलेले लोक म्हणजे वापरणारे लोक नव्हेत. बैठकीला येतो तो ज्याला निरोप येतो. आपल्याकडे मालक आहे, वाटेकरी आहे, खंडाने जमीन घेऊन करणारा आहे. पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यातून तोड्याला येणाऱ्या बाया आहेत. टेम्पोवाला आहे, आणि बरेचदा माल तोच घेऊन येतो, शेतकरी घरी असतो. आडतदार, त्याचा दिवाणजी, हमाल, बाहेरच्या राज्यातला खरेदीदार, ज्याला मराठी येत नाही. यातल्या प्रत्येकाकडे जायला हवं. फार नको, प्रत्येक तऱ्हेची पाच-सहा माणसं तरी. आणि पाच जण एकच सांगायला लागले म्हणून थांबू नका, सहावा एखादा तात्या निघतो.

मग वेळ. बाजार भरात असताना या. भाव पडल्यावर या, म्हणजे कॅरेट उलटे केलेले दिसतील आणि माणसं खरं बोलतील. पावसात या, ओल्या हाताने मोबाईलचा पडदा चालत नाही हे पुण्यातल्या एसीत कळणार नाही. घरी पण जा. 'नोंदणीकृत मोबाईल' हा शब्द फार सोपा आहे, पण तो मोबाईल घरात असतो का ते बघा. कितीतरी घरांत तो नंबर पोराचा, पोरगा चाकणला कामाला, आणि ओटीपी आला की बाप त्याला फोन लावतो, तो मशीनवर असतो, उचलत नाही. तोपर्यंत ओटीपीची मुदत संपते. दहा वेळा हे झाल्यावर बाप म्हणतो, मरू दे ते. मग आपण बातमी लिहितो की शेतकरी तंत्रज्ञान स्वीकारत नाही.

प्रश्न कसे विचारायचे हेही ठरवून घ्या. "असं ॲप आलं तर वापराल का?" असं विचारलं की आपली माणसं हो म्हणतात. दारात आलेल्या माणसाला नाही म्हणायची आपली रीत नाही. त्यापेक्षा विचारा, मागच्या वेळी माल आणलात तेव्हा काय काय केलंत, पहिल्यापासून सांगा. पट्टी कुठं ठेवलीत, दाखवा. ती पट्टी विजारीच्या खिशातून, देव्हाऱ्यामागून, नाहीतर पोराच्या वहीतून निघेल. त्याच्या मागे पेनाने काही आकडे लिहिलेले असतील. ते आकडे कसले, ते विचारा. मला वाटतं निम्मं ॲप त्या मागच्या बाजूला लिहिलेलं आहे.

१९५६ वाल्यांकडून एक घ्यायचं म्हणजे आजची परिस्थिती आधी लिहून ठेवा. आज पट्टी हातात पडायला किती वेळ लागतो, माल घेऊन किती ताटकळावं लागतं, भावाची खबर कुणाकडून मिळते. हे आता मोजलं नाही तर दोन वर्षांनी कुणीही उठून सांगेल की ॲपमुळे सगळं सुधारलं, आणि कुणाला खोडता येणार नाही. मोजायचं काम ॲप करणाऱ्याकडे नको. आपल्या भागात कॉलेजं आहेत, कृषी विज्ञान केंद्र आहे, पोरं हुशार आहेत.

आणि वारणेकडून घ्यायचं ते जरा कडू आहे. या चौकशीतून असंही निघू शकतं की ॲप नकोच. एक साधा मेसेज पुरेल, किंवा बाजारात एक मोठा फलक पुरेल, किंवा पट्टीवर वाटेकऱ्याच्या नावाची एक ओळ छापली की काम झालं. हे उत्तर आलं तर ते ऐकून घ्यायची सोय करारात हवी. नाहीतर ज्याला ॲपचेच पैसे मिळणार आहेत तो 'ॲप नको' असं कशाला शोधून काढेल? पहिल्या टप्प्याचे पैसे वेगळे, पुढच्या कामाचे वेगळे, एवढंच करायचं आहे.

काही जण म्हणतील, पत्रकाराला डिझाईनमधलं काय कळतं. बरोबर आहे, काही कळत नाही. पण आमचा धंदाही विचारण्याचाच आहे. कार्यालयातून आलेलं पत्रक तसंच छापलं तर तीही एक प्रकारे न विचारता काढलेली स्क्रीनच. ते मी पण केलंय, अंक लवकर लागायचा असला की.

त्या पोराचा परवा फोन आला होता. रजा काढून येतो म्हणाला, स्वतःच्या खर्चाने, दोन दिवस. मी त्याला म्हटलं, हॉटेल करू नकोस, माझ्याकडे उतर. पहिल्या दिवशी बाजारात हिंडवतो, दुसऱ्या दिवशी तात्यांच्या शेतावर तोड्याला. तात्यांनी एक अट घातलीय की नुसतं वही घेऊन बांधावर उभं राहायचं नाही, दोन ओळी तोडायच्या.

वाट्याने किंवा खंडाने टोमॅटो करणाऱ्या आणखी कुणाला त्याच्याशी बोलायचं असेल तर मला कळवा. मागच्या हंगामातल्या पट्ट्या असतील त्या घेऊन या. फाटक्या असल्या तरी चालतील, मागचे आकडे दिसायला हवेत.